उदासीचा खर्च कोणत्या खात्यावर?

दिवाळी जवळ आली म्हणजे मध्यमवर्गीय घरांत दोन गोष्टी हटकून होतात. माळ्यावरचे डबे खाली येतात आणि वर्षभराच्या खर्चाची उजळणी होते. किराणा, दूध, शाळेची फी, घराचा हप्ता, विम्याचा हप्ता, औषधपाणी. औषधपाण्याच्या रकान्यात मुलाचा ताप बसतो, सासूबाईंचा गुडघा बसतो, यजमानांचा रक्तदाब बसतो. पण घरातल्या कुणाला सकाळी उठावेसेच वाटत नसेल, भाजीला फोडणी घालता घालता उगाच डोळे भरून येत असतील, चार महिने झाले तरी मन कशात रमत नसेल, तर त्यावरचा खर्च कोठे मांडतात? बहुतेक घरांत तो ‘किरकोळ’मध्ये जातो. काही घरांत तो होतच नाही.

या दुखण्याला आपल्या भाषेत नावे थोडी नाहीत. खिन्नता, औदासीन्य, विषाद, नैराश्य. भगवद्गीतेचा पहिला अध्यायच मुळी अर्जुनाच्या विषादाचा. परंतु घरात बोलताना आपण यांतले एकही नाव घेत नाही. ‘जीव लागत नाही’, ‘डोके जड आहे’, ‘अंग मोडून आल्यासारखे वाटते’ असे म्हणतो, आणि मग डोक्याची व अंगाची औषधे घेत राहतो. डॉक्टरही सांगतात की आपल्याकडे नैराश्याचा रोगी पुष्कळदा पाठदुखी नाहीतर निद्रानाश घेऊनच दवाखान्याची पायरी चढतो.

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत घरोघर जाऊन मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. पण आकडे आपल्याला परके वाटावेत असे नाहीत. प्रौढांपैकी सुमारे वीसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठलेले असते. आणि नैराश्यासारखे सर्वसाधारण मनोविकार ज्यांना आहेत त्यांच्यातल्या शंभरांतील सुमारे पंचाऐंशींना उपचारच मिळत नाहीत. ज्या घरांत उपचार चालू होते तेथे औषधोपचार आणि येण्याजाण्याचे भाडे मिळून महिन्याला हजार-दीड हजार रुपये लागत होते.

हजार-दीड हजार म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. एका महिन्याला ते खरेही आहे. पण हे दुखणे तापासारखे तीन दिवसांत उतरत नाही. गोळ्यांचा गुण दिसू लागायलाच दोन ते चार आठवडे जातात, आणि बरे वाटू लागल्यावरही सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. मध्येच सोडल्या तर दुखणे उलटण्याची भीती असते. आणि माणसे सोडतात ती नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच. एक तर बरे वाटू लागलेले असते, आणि दुसरे म्हणजे तोवर मुलाच्या क्लासची फी आलेली असते. बोलून करावयाचे उपचार, ज्याला समुपदेशन म्हणतात, त्याचे तर दर बैठकीला पैसे. म्हणून मनाच्या दुखण्यात पैशाचा प्रश्न हा शेवटी येणारा प्रश्न नव्हे. रोगी बरा होणार की अर्ध्या वाटेवरून परतणार, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

अमेरिकेत याची एक तोड काढली आहे. आपल्या नाशिकची कितीतरी मुले आता तिकडे आहेत. त्यांच्या आईवडिलांना हे ठाऊक असेल. २००३ च्या डिसेंबरात तेथे एक कायदा झाला आणि २००४ पासून ‘आरोग्य बचत खाते’ नावाचे खाते निघाले. पगारातला काही भाग त्यात टाकायचा. टाकताना त्यावर कर नाही, आत व्याज वाढले तर त्यावर कर नाही, आणि औषधपाण्यासाठी काढला तरी कर नाही. २०२५ सालासाठी एकट्या माणसाला ४,३०० डॉलर आणि कुटुंबाला ८,५५० डॉलर टाकण्याची मुभा होती. अट अशी की, आजारपणाचा पहिला मोठा खर्च ज्यात रोग्यानेच सोसावयाचा अशा प्रकारचा विमा हवा. या खात्यातून मानसोपचारतज्ज्ञाची फी देता येते, मानसशास्त्रज्ञाकडच्या बैठकींचे पैसे देता येतात, गोळ्या घेता येतात. नवराबायकोचे जुळावे म्हणून घेतलेला सल्ला मात्र यात बसत नाही. विषाद वेगळा आणि भांडण वेगळे, एवढा विवेक तिकडच्या करखात्याने ठेवला आहे!

सोय चांगली, यात शंका नाही. पण तिच्यात एक खोच आहे. जो जास्त कर भरतो त्याचा जास्त फायदा, आणि ज्याच्याजवळ टाकायलाच काही उरत नाही त्याचे खाते रिकामे. रिकाम्या खात्यावर कर माफ असला काय आणि नसला काय!

आपल्याकडे असे खाते नाही. त्याच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र होती, आणि पगारदार वाचकांना ती चांगली आठवत असेल. मार्च महिना आला की ऑफिसात ‘मेडिकलची बिले द्या’ असा पुकारा व्हायचा. वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतचा औषधपाण्याचा खर्च मालकाने भरून दिला तर त्यावर कर नसे. मग औषधांच्या दुकानांतून बिले गोळा करण्याची कोण धांदल! त्या बिलांत मानसोपचाराचे बिल लावायला कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती बिले तपासणाऱ्या कारकुनाची. त्याच्या टेबलावर मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाचा कागद पडला की संध्याकाळपर्यंत साऱ्या मजल्यावर बातमी. म्हणून खोकल्याची बिले लागत, उदासीची घरीच राहत. २०१८-१९ या वर्षापासून ही सवलत गेली आणि तिच्या जागी सर्वांना सरसकट ४०,००० रुपयांची वजावट आली. एका दृष्टीने बरेच झाले. निदान कारकुनाला काही दाखवावे लागत नाही. पण आजारी माणसाला आजाराबद्दल म्हणून जे मिळत होते ते आता निरोग्यालाही तेवढेच मिळते.

आज प्राप्तिकरात जी सवलत आपण ‘ऐंशी-डी’ या नावाने ओळखतो ती विम्याच्या हप्त्यावरची आहे. स्वतःच्या, पतीपत्नीच्या व मुलांच्या विम्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत, साठीपुढच्यांसाठी ५०,००० पर्यंत. वीस टक्क्यांच्या पायरीवरच्या माणसाने पुरता २५,००० चा हप्ता भरला तर अधिभार धरून त्याचे ५,२०० रुपये वाचतात. पण हे सारे जुन्या करपद्धतीत. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर त्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नाला करच लागेनासा झाल्याने अनेक घरांना या सवलतीचे प्रयोजनच उरले नाही. तुलनेने २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के वस्तू व सेवा कर उठला, ती गोष्ट अधिक घरांना लागू पडली.

या ऐंशी-डी सवलतीच्या पोटात एक छोटी तरतूद आहे. ती फारच थोड्यांना माहीत असते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. घरातले आईवडील साठीपुढचे असतील आणि त्यांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्यावर केलेला प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चच वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजा करता येतो. हा खर्च रोखीने केलेला नसावा, एवढी अट. रोग कोणता, हे कलमाने विचारलेले नाही. आजोबा गेल्यापासून आजी जेवत नाहीत, बोलत नाहीत, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात, असे घर आपणा प्रत्येकाच्या ओळखीत असते. ‘वयच झाले त्यांचे’ म्हणून आपण सोडून देतो. तो वयाचा दोष नसून उपचार होणारे नैराश्य असू शकते. आणि त्या उपचारावर डॉक्टरांची फी व गोळ्या धरून, जुन्या पद्धतीत कर भरणाऱ्या मुलाला सवलतही मिळते. तीच गोळी चाळिशीतल्या सुनेला लिहून दिली तर मात्र नाही. आजीच्या उदासीला कर माफ, सुनेच्या उदासीला नाही, असा हा न्याय!

आता विमा. ‘मानसिक आजार वगळून’ हे शब्द पूर्वी पॉलिसीच्या बारीक अक्षरांत हमखास असत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ते मोडून काढले. शारीरिक आजाराला ज्या अटींवर विमा, त्याच अटींवर मानसिक आजारालाही, असे त्याच्या २१ व्या कलमात आहे. कायदा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला, ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसा आदेश काढला. तरीही एका विमा कंपनीने इस्पितळाचे बिल नाकारले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने रोग्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतरही ३१ ऑक्टोबर २०२२ ची मुदत घालून नियामकाला कंपन्यांस पुन्हा बजावावे लागले. आपल्याकडे कायदा होणे आणि कायदा लागणे यांत अंतर असते, ते असे.

पण हे अंतर तुटले तरी एक उंबरठा उरतोच. आपला नेहमीचा आरोग्यविमा इस्पितळात दाखल होणाऱ्याचा आहे. निदान चोवीस तास खाटेवर काढले पाहिजेत. नैराश्याचे बहुसंख्य रोगी कधीच दाखल होत नाहीत, आणि होण्याची गरजही नसते. ते महिन्यातून एकदा डॉक्टरांना भेटतात, गोळ्या घेतात, आणि सुदैवाने जोडीला कोणाशी मनमोकळे बोलतात. या तिन्हींपैकी एकालाही नेहमीच्या पॉलिसीतून पैसे मिळत नाहीत. बाह्यरुग्ण खर्चाची जोड घेता येते, पण तिचा हप्ता वेगळा. म्हणजे कायद्याने दार उघडले, आणि रोगी नेमका दाराबाहेरच्या ओसरीवर बसलेला! यावर उपाय म्हणून काही लोक पॉलिसी घेताना जुने दुखणे लपवतात. तसे करू नये. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे; लपविलेले मात्र नंतर उघड झाले तर पुरता क्लेम जातो.

एवढे वाचून वाचकांना वाटेल की मग आपल्याकडे नैराश्याचा खर्च सांभाळणारी व्यवस्था नाहीच. ती आहे. पण ती ज्या ठिकाणी आहे तेथे पांढरपेशा वर्गाचे लक्ष सहसा जात नाही.

मी सातपूरला राहतो. नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबकच्या वाटेवरचे हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, पुढे या शिवारात कारखाने उभे राहिले. मायको, म्हणजे आताचे बॉश, सिएट, महिंद्र अशी मोठी नावे आली, आणि त्यांच्या आधाराने असंख्य लहान वर्कशॉपे. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा सातपूर तिच्यात गेले. येथे सकाळ घड्याळावर उगवत नाही, पाळीवर उगवते. आणि येथेच राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे.

ही योजना १९४८ च्या कायद्याने आली. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. १ जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अशी वर्गणी ठरली. म्हणजे २०,४०० रुपये मिळविणाऱ्याचे महिन्याला १५३ रुपये, मालकाचे ६६३. त्या बदल्यात त्याला आणि त्याच्या कुटुंबाला तपासणी, औषधे, गरज पडल्यास मोठ्या इस्पितळात पाठवणी. खर्चाला वरची मर्यादा नाही, दाखल होण्याची अट नाही. बाह्यरुग्ण विभागातली नैराश्याची गोळीसुद्धा यात येते. पाच लाखांची पॉलिसी काढलेल्या ऑफिसरला जे मिळत नाही ते लेथवर उभ्या असणाऱ्या माणसाला १५३ रुपयांत मिळते.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आजारपणात कामावर जाता आले नाही तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. आणि चौतीस दीर्घ आजारांची एक यादी आहे. त्यांपैकी काही झाले तर पुढे ८० टक्के, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान्य केल्यास दोन वर्षांपर्यंत. त्या यादीत क्षय आहे, कर्करोग आहे, पक्षाघात आहे. आणि मानसिक आजारांच्या गटात ‘एण्डोजिनस डिप्रेशन’ हे शब्द आहेत.

हे शब्द मी पहिल्यांदा वाचले ते आमच्या ओळीतल्या एका बाईंमुळे. मराठीचा प्राध्यापक म्हटला की गल्लीतल्या लोकांना तो वकीलही वाटतो आणि डॉक्टरही. त्यांचे यजमान एका लहान वर्कशॉपमध्ये पाच वर्षे टर्नर आहेत. अबोल, कामाला चोख माणूस. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांची झोप उडाली. मग जेवण तुटले. मग एके दिवशी ते पाळीला निघाले आणि कंपनीच्या फाटकाजवळ तासभर नुसते उभे राहून परत आले. कारखान्यात सांगितले, पाठ धरली आहे. वहिनी एका दुपारी कागद घेऊन आल्या.

“सर, यात काय लिहिलंय ते जरा सांगा ना. डॉक्टर म्हणतात लांबची रजा मिळेल, पगारही मिळेल. पण ह्यांचं म्हणणं, नको. कंपनीत कळलं तर लोक वेडा म्हणतील.”

“मग पाठीच्या दुखण्यावर किती दिवस काढणार?”

“तेच ना. पाठ म्हटलं की आठ दिवस देतात. आठ दिवसांत मन बरं होतं का कुणाचं?”

‘एण्डोजिनस’ म्हणजे आतून उपजलेले. बाहेरचे काही कारण, मृत्यू नाही, कर्ज नाही, अपमान नाही, आणि तरीही मनाचा तळ सुटतो, अशा नैराश्याला जुन्या मानसोपचारात हे नाव होते. आताचे तज्ज्ञ ही वाटणी सहसा करीत नाहीत. कारणे बाहेरची की आतली हे इतक्या सरळपणे सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि ते कुणाच्याही संसाराकडे पाहून पटण्यासारखे आहे. म्हणजे वैद्यकाने जवळजवळ टाकून दिलेला शब्द भत्त्याच्या नियमांत अजून नोकरी करतो आहे! शब्दांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला याची मौज वाटली. पण वहिनींच्या घरात त्या शब्दावर महिन्याचे सोळा हजार तीनशे वीस रुपये अवलंबून होते. डॉक्टरांनी नुसते ‘ताणतणाव’ लिहिले असते तर ९१ दिवसांनंतर घरात काही आले नसते.

नियमात दुसरीही अट आहे. कामगार दोन वर्षे सलग नोकरीत असला पाहिजे आणि मागच्या चार वर्गणी-मुदतींत निदान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. आमच्या शेजाऱ्यांची पाच वर्षे भरली होती म्हणून निभावले. पण ठेकेदाराकडची जी मुले सहा महिने काम, मग ‘ब्रेक’, मग पुन्हा सहा महिने अशी राबतात, त्यांची दोन वर्षे सलग कधी व्हायची? त्यांच्या पगारातूनही पाऊण टक्का कापला जातो. औषध मिळते, लांबचा भत्ता मात्र हातात येण्यापूर्वीच ब्रेक येतो. मला या योजनेत सर्वांत जाचणारी गोष्ट ही वाटते.

वेडा म्हणतील या भीतीबद्दल वहिनींना मी एवढेच सांगू शकलो की, आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाने कामावरून काढू नये, असे १९४८ च्या कायद्याच्या ७३ व्या कलमात लिहिले गेले होते. लोकांच्या तोंडाला कलम लावता येत नाही. यजमान शेवटी तयार झाले ते कलमामुळे नव्हे. धाकट्या मुलीने ‘बाबा, तुम्ही आता शिट्टी का वाजवत नाही?’ असे विचारले म्हणून, असे वहिनी सांगतात. पाच महिने ते घरी होते. पहिले तीन महिने १४,२८० च्या दराने, पुढचे १६,३२० च्या दराने पैसे बँकेत जमा झाले. गोळ्या दवाखान्यातून. संक्रांत झाल्यावर कामावर गेले, आधी दिवसपाळीला.

ज्यांच्याजवळ हे कार्ड नाही त्यांनी काय करावे? त्र्यंबक रस्त्यावरच्याच जिल्हा रुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली, मनाच्या आजारांवर कमी खर्चात उपचार होतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जनऔषधी केंद्रांत त्या ब्रँडच्या गोळ्यांहून पुष्कळ स्वस्त पडतात. डॉक्टरांना तसे लिहून द्यावयास सांगण्यात संकोच नसावा. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने ‘टेलिमानस’ नावाची दूरध्वनी सेवा चालू केली आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. जीव नकोसा वाटण्याइतके कुणाचे मन खचले असेल तर हिशेब मागाहून करावा, फोन आधी.

आमच्या ओळीत सध्या निराळाच पेच आहे. शेजाऱ्यांचे काम पाहून मालक दिवाळीत १,२०० रुपये वाढ देणार आहेत. म्हणजे पगार २१,६०० होणार आणि विम्याची मर्यादा ओलांडली जाणार. डॉक्टरांनी गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायला सांगितले आहे. वाढ घ्यावी की नको, असे विचारायला नवराबायको दोघेही आले. आम्ही नियम काढून बसलो. वर्गणीच्या मुदती दोन: एप्रिल ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिलीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, दुसरीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. मुदतीच्या मध्येच पगार वाढला तर ती मुदत संपेपर्यंत वर्गणी चालू राहते. तेव्हा वाढ १ ऑक्टोबरपासून धरली तर हक्क येत्या ३० जूनला संपेल. तीच नोव्हेंबरपासून धरली तर मार्चपर्यंत वर्गणी जाईल आणि पुढच्या ३१ डिसेंबरपर्यंत औषधे मिळतील. एका महिन्याच्या बाराशे रुपयांच्या मोबदल्यात सहा महिन्यांचे छत्र.

“म्हणजे मालकाला सांगायचं, वाढ एक महिना उशिरा द्या?” वहिनी म्हणाल्या. “असं सांगणारा सातपुरात हा पहिलाच कामगार असेल.”

त्यावर शेजारी हसले. “सांगतो,” म्हणाले, “आणि का, तेही सांगतो. पाठीचं नाव नाही घेणार आता.”